छगनला उभं करायचंय

२ ऑगस्ट, शनिवार
तालमीची किल्ली आज वैजनाथच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती. पण श्रावणातला शनिवार, मारुतीला तेल-शेंदूर वस्तादानेच घालायचा, आणि माझा हात पुढे होईना. पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी. एप्रिलमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून मला माहीत होतं, की हा शनिवार कधीतरी येणार. वैजनाथ माझाच चेला. हळूच म्हणाला, "वस्ताद, तुम्ही नुसते उभे राहा, तेल मी घालतो." मी म्हणालो, वस्ताद नुसता उभा राहत नसतो. किल्ली दिली आणि मागे न बघता घरी आलो.

विमल भाजी निवडत होती. म्हणाली, "आता दिवसभर करनार काय तुमी?"

त्याचं उत्तर इथे लिहितो. ही डायरी मुलाने, चेतनने, सुप्याच्या त्याच्या कंपनीतून आणलेली, कोरीच पडली होती. शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली, तालमीत त्याहून जास्त काळ माती शिकवली. एक गोष्ट पक्की कळली आहे. मेहनतीशिवाय काही बनत नाही. शरीर बनत नाही तसा आत्माही बनत नसणार. मैदान सुटलं म्हणून मेहनत सोडायची नाही. उद्यापासून पहाटे उठून प्रार्थना, बायबलचा एक अध्याय, शुक्रवारी कडक उपास. आणि रोज एक सत्कृत्य. त्यात खाडा नाही.

३ ऑगस्ट, रविवार
जामखेडला उपासनेला गेलो. नंतर पाळकसाहेबांना माझा बेत सांगितला. भीमराज पाळक वयाने चेतनएवढे. आठवडाभर हार्डवेअरच्या दुकानात काम करतात, रविवारी उपासना चालवतात. ऐकून हसले. म्हणाले, "वस्ताद, हा तर पैलवानाचा खुराक झाला. देवाची कृपा फुकट असते हो. ती कमवायची नसते."

मी म्हणालो, "पाळकसाहेब, माझ्या तालमीत जे पोर फुकटचं दूध प्यायला यायचं ते कधी टिकलं नाही."

"मग पुंजारामकाकांनी तुमच्याकडून काय घेतलं होतं?"

पुंजारामकाकांचं इथे लिहून ठेवतो, कारण घरात हे मी नीट कधी सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी पुण्याला माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या खाटेवर बेलापूरचे पुंजाराम म्हणून एक म्हातारे होते. ख्रिस्ती. ओळख ना पाळख. मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो होतो, भिंतीकडे तोंड करून पडायचो. ते रोज संध्याकाळी माझं नाव घेऊन प्रार्थना करायचे. आधी माझ्यासाठी, मग स्वतःसाठी. मी घरी आलो. ते आले नाहीत. त्यांच्या खाटेवरची चादर बदलताना मी बघितली.

ते असे गेले आणि मी असं बसून राहायचं, हे चालणार नाही. मेहनत करायची.

६ ऑगस्ट, बुधवार
आज छगनकडे गेलो. चैत्रातल्या जत्रेनंतर त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा दवाखान्यात बघून आलो होतो. मग माझा बाप्तिस्मा झाला, गावात बोलणी सुरू झाली आणि जाणं राहून गेलं.

छगन आणि मी एकाच वयाचे, एकाच मातीत लोळलेले. पंचक्रोशीतल्या मैदानांत आमच्या दोघांच्या कुस्त्यांना माणसं झाडावर चढून बसायची. तो छगन पडवीत खाटेवर पडलेला. डावा हात छातीवर, मेलेल्या पाखरासारखा. तोंड जरासं वाकडं. पण डोळे तेच.

"ये रं बाटग्या," म्हणाला. जीभ जड झालीय. "देव बदलला म्हनं तू. जुन्याला काय रोग झाला हुता?"

मी हसलो. मग त्याच्या पायाला हात लावून बघितला. मांडी नुसती लोंबत होती. ज्या मांडीवर मी कितीदा डोकं आपटून घेतलं होतं, ती.

रतनवहिनी म्हणाल्या, "जामखेडचे डॉक्टर म्हनत्यात, हळूहळू व्यायाम करा. पन हे कुनाचं ऐकत्यात? पाय हलवाया गेलं की शिव्या देत्यात."

तिथेच ठरलं. रोजचं किरकोळ सत्कृत्य कशाला शोधायचं? हेच एक मोठं घ्यायचं. छगनला उभं करायचंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार
रोज सकाळी जातो. आधी तेल लावून रगडतो, मग गुडघा वाकवणं, टाच ओढणं. छगन शिव्या देतो. चांगलं आहे, शिव्यांनी जिभेला व्यायाम होतो.

वहिनी रोज चहा करून आणतात. मी घेत नाही. सेवेला गेल्यावर तिथलं काही तोंडात घालायचं नाही असा माझा नियम. आज त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भावजी, आता आमच्या घरचं चालंना व्हय तुमाला?"

तसं काही नाही म्हणालो. त्या आत गेल्या. बायकांना नेम-नियम कळत नाहीत.

२७ ऑगस्ट, बुधवार
छगन आज खाटेच्या कडेला बसला. माझा आधार न घेता! गणपतीचे ढोल वाजत होते, त्या तालावर डावी टाच आपटायला लावली. टाच हलली. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

घरी येताना तालमीवरून आलो नाही. तो रस्ता लांबचा पडतो.

७ सप्टेंबर, रविवार
पाळकसाहेबांना छगनची प्रगती सांगितली. आणि मनातला विचारही. नाताळला छगन स्वतःच्या पायांनी चालत उपासनेच्या दारात येईल. सगळ्या मंडळीसमोर. गावातले चार लोकही बघतील. मग कुणाला काही सांगायची गरज उरणार नाही. आदिनाथ वस्ताद कुठे गेला आणि का गेला, ते सगळ्यांना दिसेल.

मला वाटलं होतं पाळकसाहेब खूश होतील.  ते म्हणाले, "छगनरावांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? चालायला कुणाला नको असतं?"

"चालायला नव्हे. तुमच्या विश्वासाची साक्ष व्हायला."

शिकलेली माणसं साध्या गोष्टीला फाटे फोडतात. तरी विचारीन म्हणालो.

१५ सप्टेंबर, सोमवार
अंगणात दोन वासे समांतर बांधले, कंबरेच्या उंचीला. त्यांच्या मध्ये छगन उभा राहिला. उभा! घामाने निथळत होता. मी समोरून हाका मारत होतो, "चल, डावा काढ, डावा!" त्याने डावा पाय ओढत पुढे घेतला.

नंतर खाटेवर पडून म्हणाला, "आद्या, आज एवढंच. बस जरा. गप्पा मारू."

मी म्हणालो, गप्पा नाताळनंतर.

"ते काय असतंय?"

तेव्हा त्याला बेत सांगितला. छगनने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मला तालमीत ने एकदा. मातीचा वास घेऊ दे. त्यानंतर तुज्या देवाच्या दारात काय, कुठं बी येतो."

तालमीत नेणं आता नको, पाय भक्कम होऊ दे, असं मी सांगितलं. तो भिंतीकडे वळला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
उपास. आता शुक्रवारच्या जोडीला मंगळवारही धरला आहे. प्रार्थनेत लक्ष लागत नाही म्हणून. विमल ओरडली, "डॉक्टरनं काय सांगितलंय? गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या न्हाईत. कुनी सांगितलं तुमाला असं वाळायला? त्या पाळकानं?"

पाळकसाहेबांनी नाही सांगितलं. उलट मागच्या रविवारी तेही म्हणाले, की उपासाने देवाचं मन वळवायचं नसतं, ते आधीच वळलेलं असतं. ऐकायला गोड आहे. पण मला अजून आतून काही जाणवत नाही हे खरं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्यातून वर आलो तेव्हा छातीत जे हललं होतं, ते परत आलेलं नाही. मेहनत कमी पडत असणार.

२८ सप्टेंबर, रविवार
छगन वासे धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. आता वासे सोडायचे.

जामखेडच्या डॉक्टरांनी म्हणे वहिनींना सांगितलं, की इतक्यात आधार सोडू नका, आधी वॉकर वापरा. त्यांनी पैलवान बघितलेले नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा.

छगन सकाळी स्वच्छ सदरा घालून बसला होता. वहिनींनी दाढी करून दिली होती. म्हणाला, "आज सुट्टी दे. सोनं द्यायला लोकं येत्याल. बसून घेतो."

मी म्हणालो, लोक येणार म्हणूनच तर.

वासे सोडून दोन्ही हात मोकळे ठेवून मी त्याला अंगणाच्या मध्यावर उभा केला. माणसं यायला लागली होती. कुणीतरी "अरे वा, छगनराव!" म्हणालं. मी मागे सरकलो आणि म्हणालो, "ये." त्याने नाही म्हणून मान हलवली. मी म्हणालो, "ये रे, भितोस काय?"

तो निघाला. आणि पडला. उजव्या अंगावर, चांगल्या अंगावर. असा आवाज मी मैदानात ऐकलेला आहे.

खुबा मोडला. जीपमधून जामखेड, तिथून नगर.

४ ऑक्टोबर, शनिवार
ऑपरेशन झालं. खुब्यात गज घातला आहे. मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर होतो, आत गेलो नाही. वहिनी दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेल्या. चेतन सुप्याहून आला. तो माझ्याशी बाप्तिस्म्यापासून धड बोलत नाही. मला गाडीत बसवून घरी आणून सोडलं. उतरताना म्हणाला, "आप्पा, जेवून घ्या."

८ ऑक्टोबर, बुधवार
पाळकसाहेबांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "मला काहीतरी सांगा. किती उपास करू, काय सोडू. सांगाल ते करतो."

"माझ्याकडे शिक्षा नाही, वस्ताद."

"असं कसं? एवढं केल्यावर काहीतरी असेलच की."

ते काउंटरच्या बाहेर आले, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "तुमची शिक्षा क्रुसावर दुसऱ्याने भोगली, असं आपण दर रविवारी म्हणतो. तुम्हीही म्हणता. त्यात छगनरावांचा खुबा येतो की नाही? की तेवढा तुम्ही स्वतःकडे ठेवून घेतलाय?"

मला राग आला. हा मुलगा माझ्या चेतनएवढा. मी म्हणालो, "मग मी करू तरी काय?"

"त्यांच्याजवळ जाऊन बसा."

"बसून काय होणार?"

"ते मला माहीत नाही."

पाळकालाच माहीत नाही, तर मला कोण सांगणार? उठून आलो. स्वतःच ठरवलं. तीन दिवस पाण्याशिवाय काही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
काल न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो. विमलने एकटीने मला ओढत बाहेर आणलं. शुद्ध आली तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती तांदळाची पेज चमच्याने माझ्या तोंडात घालत होती. मी तोंड फिरवलं. तिने हनुवटी धरून परत वळवलं.

"गिळा," म्हणाली. मग रडायला लागली. माझ्या बायकोला मी फार कमी वेळा रडताना बघितलं आहे. "तुमी देव बदलला, सवय न्हाई बदलली. कायम कुस्ती. आधी मानसांशी, आता देवाशी. पुन्यावरनं आल्यापासनं एक दिस सुदा, जिवंत हाय म्हनून खूश झाला न्हाई तुमी. जसं काय ते आयुष्य कुनाचं चोरून आनलंय."

पेज गरम होती, मीठ बरोबर होतं. सगळी प्यालो.

तिला पुंजारामांचं सांगितलं. चादरीचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं तुमच्यासाटी मागितलं ते तुमी जगावं म्हनून. झिजावं म्हनून न्हवं." आणि भांडं घासायला गेली.

ती देवघरात रोज दिवा लावते, माझ्या उपासनेला कधी आली नाही. हे तिला कुठून सुचलं कोण जाणे.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. छगनला घरी आणलं आहे. विमल फराळ घेऊन जाऊन आली. मी गेलो नाही. विमलने "कसे आहेत" ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
रतनवहिनी आज आपण होऊन आमच्या दारात आल्या. मी खुर्चीतून उठलो. त्या उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. विमलने पाणी दिलं, ते घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"भावजी, तुमी पाडलं ते पाडलं. मी लई बोलले तुमाला मनात. शिव्या दिल्या. पन आता येत न्हाई ते का? मानूस दारातल्या पावलांकडं कान लावून पडलेला असतो. आवाज आला की मान वर करतो, तुमी न्हाई म्हनून परत टाकतो. पाडून वर पळून जायचं, ही कुठली तुमची पैलवानकी?"

मी म्हणालो, उद्या येतो.

"उद्या न्हाई. चला."

चपला घातल्या आणि त्यांच्या मागून चालत गेलो. रस्त्यात लोक बघत होते. मान वर करवली नाही.

छगन पडवीतच होता. वाळलाय. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो.  तोच म्हणाला, "बस की. डोक्यावर काय उभा ऱ्हायलास?"

बसलो. मग बोललो, "छगन, मला माफ कर."

"जीपमधीच केलं हुतं. तू रडत हुतास, तवाच. सांगायचं राह्यलं, दुखत हुतं म्हनून."

एवढंच. मी महिनाभर ज्यासाठी स्वतःला जाळत होतो, ते त्याने जामखेडच्या रस्त्यावरच करून टाकलं होतं. मला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "एक सांग. तुज्या देवाला दिसत न्हाई व्हय रं?"

"का?"

"मग मला चालवून कुनाला दाखवनार हुतास?"

 मी म्हणालो, "आता मी काय करू? सांग. हात दाबू? पाय?"

"काई करू नको. बस."

बसलो. फार अवघड गेलं. हात कुठे ठेवायचे कळेना. वहिनींनी चहा आणला, न बोलता समोर ठेवला. मी घेतला. साखर जास्त होती. छगनने बशीतून प्यायला आणि दोन थेंब सदऱ्यावर सांडले. पुसायला उठणार होतो, त्याने बघितलं, परत बसलो. ऊन पडवीतून उतरेपर्यंत तिथेच होतो. जुन्या मैदानांच्या गप्पा निघाल्या. एका कुस्तीत कोण जिंकलं यावर भांडण झालं. अजून मिटलेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पहाटेच्या प्रार्थनेत आज काही मागितलं नाही, काही सांगितलंही नाही. छगनच्या खाटेशी बसलो होतो तसाच बसलो. डुलकी लागली असावी. विमलने उठवलं.

छातीतलं ते हलणं वगैरे काही झालं नाही. पण मन लागलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रोज जातो. व्यायाम डॉक्टरांचा माणूस येऊन करून घेतो, हळूहळू. मी फक्त हात धरतो, तेही छगन "धर" म्हणाला तर. माझ्या तोंडून "अजून एक" निघालं की तो माझ्याकडे बघतो आणि मी गप्प होतो. गप्प राहायला फार ताकद लागते. एवढी कधी लागली नव्हती.

आज म्हणालो, "तालमीत जायचं का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच आजारी होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
वैजनाथला फोन केला होता. त्याने आणि पोरांनी छगनला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. मी बाहेर थांबलो. शनिवार, आत मारुतीपुढे दिवा होता, वास येत होता. माझी जागा बाहेरच, असं मी धरून चाललो होतो.

वैजनाथ परत बाहेर आला. "वस्ताद, किल्ली तुम्ही दिली. दार कुणी लावलं?"

आत गेलो. मारुतीला मी हात जोडले नाहीत, कुणी अपेक्षाही केली नाही.  मला वाटत होतं तसं आभाळ कोसळलं नाही. पोरं कुस्ती खेळत होती, छगन मातीच्या हौद्याच्या कडेला खुर्चीत बसून त्यांना शिव्या देत होता. जीभ आता बरीच साफ झालीय.

मी त्याच्या शेजारी कठड्यावर बसलो. त्याने वाकून उजव्या हाताने लाल माती उचलली. मला वाटलं वास घेईल. त्याने ती माझ्या खांद्यावर टाकली, लढतीआधी जोडीदाराच्या अंगावर टाकतात तशी, आणि तळहाताने मानेपर्यंत चोळली. पांढरा सदरा लाल झाला.

"हां," म्हणाला. "आता बरा दिसतोस."

आणि मला रडू आवरेना. साठी उलटलेला माणूस, पोरांच्या देखत. पुण्याच्या त्या खाटेवर पडल्यापासून जे अडकून होतं ते सगळं बाहेर आलं. छगन पोरांना ओरडला, "इकडं काय बघता रं? खेळा!"

विमलने सदरा भिजत घातला. डाग जाणार नाही म्हणाली.

२५ डिसेंबर, गुरुवार
नाताळ. छगन आला नाही. त्याचं चालणं वॉकर धरून अंगणापर्यंत आहे आणि त्याला उपासनेला यायचं नाही. तसं तो स्वच्छ म्हणाला. "तुजं तुला, माजं मला. पन केक आन."

पाळकसाहेबांनी मंडळीसमोर साक्ष द्यायला सांगितलं, देवाने माझ्यासाठी काय केलं त्याची. उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, काहीच आठवेना. म्हणालो, "माझ्याकडे दाखवायला काही नाही. माझ्या हातून मित्राचा खुबा मोडला. त्याने मला माफ केलं, मी मागायच्या आधी. तो आपल्यातला नाही. पण पुंजारामकाका रोज संध्याकाळी कुणाशी बोलत होते, ते मला त्याच्यामुळे कळलं." आणि खाली बसलो.

दारातून निघताना पाळकसाहेब म्हणाले, "मग आता सत्कृत्यं बंद?"

"बंद कशाला? हातपाय आहेत तोवर करणार. फक्त आता कुणाला दाखवून पास व्हायचं नाही."

ते हसले. म्हणाले, पुढच्या रविवारी उपदेश तुम्हीच करा. थट्टा करत असावेत.

केक घेऊन छगनकडे गेलो. खूप खाल्ला त्याने.

८ जानेवारी, गुरुवार
वरच्या आळीतल्या कडूबाईच्या सुनेने निरोप पाठवला होता. कडूबाईच्या उजव्या हातावरून वारं गेलंय. "वस्तादांनी छगनरावांना उभं केलं, आमच्या आत्याबाईंचा हात बी करून द्यावा."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. छगनला सांगितलं, मी कुणाला उभं केलेलं नाही, एकाला पाडलंय. मला जमणार नाही.

छगन म्हणाला, "जा. पन डॉक्टरला इचारून जा. आन म्हातारीला इचार, तिला काय पायजे."

९ जानेवारी, शुक्रवार
जामखेडला डॉक्टरांना भेटलो. त्यांनी काय चालेल, काय चालणार नाही ते समजावलं. सगळं ऐकलं.

मग कडूबाईकडे. सत्तरीची बाई, भिंतीला टेकून बसलेली, उजवा हात मांडीवर पडलेला. मी समोर खाली बसलो. विचारलं, "मावशी, या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

त्यांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणी विचारलं नसावं. सून मधे बोलणार होती, मी तिला थांबवलं. मग कडूबाई म्हणाल्या, "भाकर थापायची हाय. सुनंची भाकर जाड हुती."

सून लाजून आत पळाली. मला हसू आलं, पण पुढे काय करायचं ते कळेना. दंड कसा भरायचा, मनगट कसं फिरवायचं ते मला माहीत आहे. भाकरीला हाताच्या कुठल्या हालचाली लागतात ते आयुष्यात बघितलं नव्हतं. रोज दोन वेळा खाल्ली फक्त.

१० जानेवारी, शनिवार
विमलला म्हणालो, मला भाकरी शिकव. तिला आधी वाटलं डोकं फिरलं. मग कडूबाईंचं सांगितलं. तिने काठवटीत ज्वारीचं पीठ घेतलं, गरम पाण्याने मळलं, गोळा माझ्यासमोर ठेवला.

मी तळहात ठेवून रेटला. गोळा फाटला. परत मळला, परत रेटला, कडा चिरल्या. तिसऱ्यांदा सगळं पीठ काठवटीला चिकटलं. घाम आला. विमल पदर तोंडाला लावून हसत होती.

"अहो, दाबू नका. आखाडा न्हाई हा."

"मग?"

"थोपटा. हलक्या हातानं. खाली पीठ हाय ना, ती आपसूक फिरती. तुमी फिरवू नका."

मी थोपटलं. काही झालं नाही. अजून थोपटलं. आणि भाकरी माझ्या हाताखाली जराशी सरकली, मग फिरली.